आरमाराचा पोशिंदा : सरखेल कान्होजी आंग्रे

मराठ्यांच्या इतिहासात घोड्यांच्या टापांचा आवाज जितका ऐकू येतो, तितका वल्ह्यांचा आवाज ऐकू येत नाही. अटकेपर्यंत गेलेल्या फौजांच्या कथा घरोघरी माहीत असतात. परंतु त्याआधी सह्याद्रीच्या पश्चिमेस खाऱ्या पाण्यावर एक पुरुष सुमारे तीस वर्षे इंग्रज, पोर्तुगीज, डच आणि जंजिऱ्याचा सिद्दी या चौघांना एकाच वेळी तोंड देत उभा होता, याची जाणीव त्या मानाने क्षीण आहे. सरखेल कान्होजी आंग्रे यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या पराक्रमाची वर्णनेही पुष्कळ झाली आहेत. मात्र लढाईचा दिवस वर्षातून एखादाच उगवतो आणि आरमार वर्षभर पोसावे लागते. हे पोसणे त्यांनी कसे साधले, त्यासाठी पैसा कोठून उभा केला आणि त्या व्यवस्थेत बळ किती व उणीव कोणती होती, हा त्यांच्या चरित्रातील मर्माचा भाग आहे. त्या बाजूने पाहिले असता कान्होजींचे मोठेपण अधिक स्पष्ट होते. आणि त्यांच्या पश्चात अवघ्या सत्तावीस वर्षांत ते वैभव कसे मावळले, याचाही उलगडा होतो.

कान्होजींचा जन्म इ. स. १६६९ च्या सुमाराचा. घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. पुणे प्रांतातील आंगरवाडी या गावावरून त्यास आंग्रे हे नाव पडले. वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या आरमारी चाकरीत होते. त्यामुळे घाटावरच्या या कुळाचा संबंध समुद्राशी आला आणि कान्होजींचे बालपण सुवर्णदुर्ग-हर्णैच्या परिसरात गेले. भरती-ओहोटीच्या वेळा, वाऱ्याची दिशा, खाड्यांची मुखे आणि पाण्याखालचे खडक यांचे ज्ञान त्यांनी पुस्तकातून मिळविले नाही. ते कोळी, भंडारी, खारवी व गाबीत खलाशांच्या सहवासात त्यांच्या अंगवळणी पडले.

ज्या आरमारात पुढे कान्होजींनी नाव काढले, त्याचा पाया शिवाजी महाराजांनी घातला होता. कल्याण-भिवंडीच्या खाडीत १६५७ नंतर जहाजबांधणी सुरू झाली. त्या कामी आरंभी काही पोर्तुगीज कारागीरही लाविले होते; परंतु हे आरमार उद्या आपल्यावरच येईल हे वसईच्या फिरंगी अधिकाऱ्यांनी ओळखले आणि त्यांना तेथून काढून नेले. कारागीर गेले तरी काम थांबले नाही. १६६४ मध्ये सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला, १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडावरील खांदेरी बेटास तटबंदी झाली आणि अलिबागेसमोरील कुलाब्याचा कोट महाराजांच्या अखेरच्या दिवसांत उभा राहू लागला. किल्ला, बंदर आणि जहाज या तिहींची ही सांगड होती, आणि तिच्यामागे रायगडावरील एका सुव्यवस्थित तिजोरीचे पाठबळ होते.

ते पाठबळच १६८९ मध्ये कोसळले. संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड मोगलांच्या हाती गेला आणि राजाराम महाराजांना दूर कर्नाटकात जिंजीचा आश्रय घ्यावा लागला. घाटावर संताजी-धनाजींसारखे सरदार मुलूखगिरी करून आपापल्या फौजा जगवीत होते. पण समुद्रावर काय करावयाचे? घोडेस्वार शत्रूच्या मुलखात चरू शकतो. जहाजाला तसे करता येत नाही. याच धामधुमीत सुवर्णदुर्गचा किल्लेदार किल्ला सिद्द्याच्या स्वाधीन करण्याच्या विचारात असता तरुण कान्होजींनी त्यास कैद करून किल्ला राखला, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. कथेचा तपशील कसाही असो, त्या काळात कोकणकिनाऱ्यावर त्यांचे वजन झपाट्याने वाढले हे निश्चित. आरमाराचे अधिपती सिधोजी गुजर यांचे १६९८ च्या सुमारास निधन झाले आणि मराठी आरमाराची धुरा कान्होजींकडे आली.

धुरा आली, पण तिच्याबरोबर खजिना आला नाही. आरमाराचा खर्च हा फौजेच्या खर्चाहून वेगळ्या जातीचा असतो, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. चांगले सागवान जंगलातून तोडून, वाळवून, खाडीपर्यंत ओढून आणावे लागते. सुतार, लोहार आणि शिडे शिवणारे कारागीर कायम पदरी ठेवावे लागतात. फळ्यांच्या फटींत काथ्या व राळ भरणे, तळाला तेल देणे, कुजलेली फळी बदलणे, दोरखंड व शिडे नवी करणे ही कामे न संपणारी असतात, कारण जहाज न लढताही झिजते. शिवाय कोकणच्या पावसाळ्यात जहाजे किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवावी लागतात. नारळी पौर्णिमेला समुद्र शांत होईपर्यंत एक छदाम मिळत नाही. परंतु खलाशी, गोलंदाज व तांडेल यांची पोटे त्या महिन्यांतही भरावी लागतात. ती भरली नाहीत तर पुढच्या हंगामात तेच लोक दुसऱ्याच्या गलबतावर दिसतात. आरमाराला म्हणूनच निश्चित आणि अखंड उत्पन्न हवे.

कान्होजींच्या प्रतिस्पर्ध्यांकडे असे उत्पन्न होते. जंजिऱ्याच्या सिद्द्याला मोगल बादशहाकडून सुरतेच्या महसुलातून नेमणूक मिळत असे. मुंबईकर इंग्रजांच्या मागे कंपनीचा व्यापार आणि विलायतेतील भांडवल उभे होते. पोर्तुगीजांनी तर सोळाव्या शतकापासून समुद्र ही आपली जहागीर मानली होती. त्यांचा परवाना, ज्याला ते कार्ताझ म्हणत, जवळ नसेल तर हिंदी व्यापाऱ्याचे जहाज धरावे व माल जप्त करावा, असा त्यांचा शिरस्ता होता. मांडवीच्या तीरावरून निघालेला हा हुकूम गुजरातेपासून मलबारपर्यंतच्या नाखव्यांना मानावा लागे. पुढे इंग्रजांनीही आपले परवाने देण्यास सुरुवात केली. किनारा हिंदी लोकांचा आणि त्यावर जाण्यायेण्याचा कर मात्र परक्यांचा, अशी ती स्थिती होती.

कान्होजींनी हीच रीत उलटविली. आपल्या किल्ल्यांच्या टापूतून जाणाऱ्या व्यापारी गलबताने मराठी राज्याचे दस्तक घ्यावे, त्याची ठरलेली रक्कम भरावी आणि मग निर्धास्त जावे. दस्तक नसलेले गलबत धरले जाईल, असा नियम त्यांनी घालून दिला. खांदेरीपासून विजयदुर्गापर्यंतची ठाणी हाती असल्यामुळे हा नियम कागदावर राहिला नाही. सुरतेहून मलबाराकडे जाणाऱ्या किनारी व्यापाराला त्यांच्या नजरेखालूनच जावे लागे. दस्तकाची रक्कम आणि धरलेल्या मालाचे उत्पन्न यांतून आरमार पोसले जाऊ लागले. ज्या समुद्राचे रक्षण करावयाचे, त्या समुद्रानेच त्या रक्षणाचा खर्च द्यावा, हा त्या व्यवस्थेचा अर्थ होता.

इंग्रजांनी त्यांना चांचा म्हटले ते याच कारणाने. त्यांच्या कागदपत्रांत कान्होजींचा उल्लेख बहुधा समुद्रावरील लुटारू म्हणूनच येतो, आणि पुढील दीडशे वर्षांतील इंग्रजी ग्रंथकारांनी तोच शब्द गिरविला. परंतु चांचा कोणाचा चाकर नसतो, त्याला मुलूख नसतो आणि तो परवाने देत नाही. कान्होजी हे छत्रपतींचे नेमलेले अधिकारी होते, त्यांच्या ताब्यात किल्ले व तालुके होते, आणि परवान्याची जी पद्धत पोर्तुगीज दोनशे वर्षे चालवीत होते तीच ते चालवीत होते. हा वाद मुळात समुद्रावरील हक्काचा होता. अर्थात यात सारे काही निर्दोष होते असे म्हणणे हे इतिहासाला धरून होणार नाही. दस्तक नसलेल्या गलबताचा मालक अनेकदा किनाऱ्यावरचाच एखादा गरीब व्यापारी असे. एकीकडे इंग्रजांचा परवाना, दुसरीकडे सरखेलांचे दस्तक, तिसरीकडे फिरंग्यांचे कार्ताझ, अशा कात्रीत तो सापडे. या भांडणाची किंमत त्याने मोजली, हेही नमूद केले पाहिजे.

१७१२ मध्ये या झगड्याने तीव्र रूप घेतले. मुंबईच्या गव्हर्नराचे सशस्त्र जहाज कारवारकडे जात असता कान्होजींच्या आरमाराने ते गाठले. त्यावर कारवारच्या वखारीचा नवा प्रमुख टॉमस चाऊन व त्याची पत्नी होती. चकमकीत चाऊन ठार झाला. पत्नी कैद होऊन कुलाब्यास आली. पुढील वर्षी तीस हजार रुपये दंड घेऊन तिला सोडण्यात आले. त्याच सुमारास उभयपक्षी तह झाला. कंपनीच्या जहाजांना उपद्रव देऊ नये असे कान्होजींनी मान्य केले. इंग्रजी निशाणाखाली इंग्रजांखेरीज इतरांची गलबते जाऊ नयेत हे इंग्रजांनी पत्करले. या तहातच पुढल्या युद्धाचे बीज होते. मुंबईत राहणाऱ्या हिंदी व्यापाऱ्यांची गलबतेही आपल्या छत्राखाली येतात असे इंग्रज म्हणू लागले. कान्होजींनी ते कधीही मान्य केले नाही. ती गलबते सोडून दिली असती तर दस्तकाचे उत्पन्न बुडाले असते आणि उत्पन्नाबरोबर आरमारही बुडाले असते.

दरम्यान घाटावर राज्य दुभंगले होते. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये शाहू महाराज सुटून आले आणि ताराबाईंच्या पक्षाशी त्यांचा कलह सुरू झाला. कान्होजी ताराबाईंच्या बाजूचे होते. त्यांच्यावर शाहू महाराजांनी १७१३ मध्ये पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना धाडले, तेव्हा कान्होजींनी पेशव्यांनाच कैद करून लोहगडावर ठेवले. सातारा धोक्यात आला. अशा वेळी श्रीवर्धनचे देशमुख बाळाजी विश्वनाथ भट यांच्याकडे पेशवेपद आले. बाळाजी मूळचे कोकणचे. सिद्द्याच्या जाचामुळे देशावर आलेले हे गृहस्थ कान्होजींची योग्यता जाणून होते. त्यांनी तलवार म्यान ठेवून लोणावळ्याजवळ वळवण येथे कान्होजींची भेट घेतली. १७१४ च्या आरंभी जो समेट झाला, त्याने कान्होजींनी शाहू महाराजांचे स्वामित्व पत्करले, पिंगळ्यांना मुक्त केले आणि राजमाची वगळता जिंकलेली घाटावरील ठाणी परत दिली. उलट त्यांना आरमाराचे आधिपत्य, सरखेल हा किताब आणि दहा किल्ले व सोळा लहान ठाणी त्यांच्याखालच्या मुलखासह मिळाली. खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, जयगड, देवगड, विजयदुर्ग ही त्यांतील प्रमुख.

या तहाकडे सामान्यतः राजकीय चातुर्याचा नमुना म्हणून पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु आरमाराच्या दृष्टीने त्याचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. समुद्रावरच्या अनिश्चित प्राप्तीला आता मुलखाच्या निश्चित वसुलाची जोड मिळाली. भाताची शेते, मिठागरे, नारळी-पोफळीच्या बागा आणि बंदरांची जकात यांचे उत्पन्न सरखेलांच्या हाती कायदेशीरपणे आले. त्यामुळे जहाजे पावसाळ्यात ओढून ठेवली तरी माणसे पांगण्याचे कारण उरले नाही.

याच सुमारास, म्हणजे १७१५-१६ च्या आसपास, कोल्हापूरच्या गादीसाठी रामचंद्रपंत अमात्यांनी राजनीतीवरील आपला प्रख्यात ग्रंथ, आज्ञापत्र, सिद्ध केला. त्यात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे, ही गोष्ट त्या काळच्या हिंदुस्थानात दुर्मिळ होय. आरमार हे राज्याचे एक स्वतंत्र अंग आहे असे मानून अमात्यांनी त्याच्या खर्चाविषयी नेमका नियम सांगितला आहे. आरमाराचा तनखा मुलखाच्या वसुलावर नेमून द्यावा; समुद्रावर जे मिळेल त्यावर त्याची नेमणूक करू नये, कारण तसे केल्यास व्यापाऱ्यांना उपद्रव होऊन व्यापार बुडतो आणि बंदरे ओस पडतात, असे त्यांचे मत होते. जहाजाच्या लाकडाविषयीही त्यांची दृष्टी तितकीच साक्षेपी आहे. सागवान वगैरे राज्यातील अरण्यातून परवानगीने तोडावे. परंतु आंबा, फणस ही झाडे रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, म्हणून त्यांना हात लावू नये, आणि एखादे जीर्ण झाड हवेच असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असा त्यांचा दंडक आहे.

अमात्यांचा नियम आणि कान्होजींचा व्यवहार यांतील अंतर उघड आहे. एक राज्याच्या सुस्थितीतला आदर्श सांगत होता. दुसरा राज्याच्या विपन्नावस्थेत जहाजे तरती ठेवीत होता. १७१४ पर्यंत मुलखाचा तनखा नेमून देणारा कोणी धनीच नव्हता. म्हणून कान्होजींना दोष देणे अन्यायाचे होईल. पण अमात्यांनी जो धोका दाखविला होता तो खरा होता, हेही पुढे अनुभवास आले.

मिळालेल्या पैशाचा विनियोग कान्होजींनी विचारपूर्वक केला. त्यांच्या आरमाराचा कणा म्हणजे गुराबा आणि गलबते. दोन डोलकाठ्यांची गुराब साधारण दीडशे टनांची, तर तीन डोलकाठ्यांची तीनशे टनांच्या आसपास असे. रुंदी भरपूर, पुढचा भाग निमुळता, तळ उथळ. पुढच्या भागात दोन मोठ्या तोफा सरळ समोर मारा करतील अशा बसविलेल्या, आणि दोन्ही बाजूंस सहा ते नऊ पौंडी गोळ्यांच्या तोफा. गलबत त्याहून लहान, सत्तर टनांच्या आतले, चाळीस-पन्नास वल्ह्यांनी चालणारे व हलक्या तोफांचे. वारा पडला की मोठी विलायती जहाजे जागच्या जागी खिळत. अशा वेळी गलबते गुराबांना ओढून शत्रूच्या पिछाडीस नेत, गुराबा तोफा डागून शिडे व डोलकाठ्या निकामी करीत, आणि मग शेकडो माणसे तलवारी घेऊन शत्रूच्या जहाजावर चढत. प्रसंग अंगाशी आलाच तर उथळ खाडीत शिरून किल्ल्याच्या तोफांखाली आसरा घेता येई. खोल तळाच्या जहाजांना तेथे येता येत नसे. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीत गिर्ये येथे आंग्र्यांच्या काळातील गोदीचे अवशेष आहेत. जहाजबांधणी व दुरुस्ती यांची सोय किल्ल्याच्या पोटाशी कशी केली होती, हे त्यांवरून समजते. युरोपीय खलाशी व गोलंदाज यांनाही कान्होजींनी चाकरीत घेतले. चांगले कसब कोणत्याही जातीच्या वा देशाच्या माणसाकडे असो, ते विकत घेण्यास ते कचरले नाहीत.

१७१५ च्या अखेरीस चार्ल्स बून हा मुंबईचा गव्हर्नर झाला आणि त्याने कान्होजींचा बीमोड हेच आपले ध्येय ठरविले. मुंबईभोवती तट बांधला गेला, नवी लढाऊ जहाजे तयार झाली. १७१८ मध्ये इंग्रजांनी खांदेरीवर हल्ला केला, तो फसला. १७२० मध्ये त्यांनी विजयदुर्गावर मोहीम काढली. तीसाठी तोफा वाहून नेणारा एक प्रचंड तरता तराफा मुद्दाम बांधविला होता. त्याचाही उपयोग झाला नाही. या अपयशाचा राग मुंबईत एका निरपराध माणसावर निघाला. रामा कामाती हा तेथील वजनदार हिंदू व्यापारी. कान्होजींशी त्याचा गुप्त पत्रव्यवहार आहे असा आरोप ठेवून १७२० मध्ये त्याच्यावर खटला भरण्यात आला, त्याची मालमत्ता जप्त झाली आणि त्यास तुरुंगात टाकण्यात आले. पुराव्यादाखल आणलेली पत्रे बनावट होती, हे पुढे उघडकीस आले. पण तोवर त्या बिचाऱ्याच्या आयुष्याची माती झाली होती.

सर्वांत मोठे संकट १७२१ च्या अखेरीस आले. इंग्लंडच्या राजाच्या आरमारातील चार लढाऊ जहाजे घेऊन कमोडोर टॉमस मॅथ्यूज मुंबईस दाखल झाला. पोर्तुगीजांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. गोव्याचा व्हाइसरॉय फ्रान्सिस्को जुझे द सांपायो ई कास्त्रो जातीने चौलास आला. समुद्रातून जहाजे आणि जमिनीवरून सहा हजारांच्या आसपास फौज, अशा दुहेरी माऱ्याने कुलाबा घ्यावयाचा बेत होता. कान्होजींनी साताऱ्याकडे मदत मागितली आणि तरुण पेशवे पहिले बाजीराव घोडदळासह खाली उतरले. भिंतीवर चढाई करणाऱ्या इंग्रजांना किल्ल्यातून चोख उत्तर मिळाले. मराठी फौज चालून येताच पोर्तुगीजांची फळी मोडली. मॅथ्यूज संतापाने बेभान झाला आणि पराभवाचे खापर मित्राच्या माथी मारून त्याने पोर्तुगीज अधिकाऱ्यांचा भर छावणीत अपमान केला. पोर्तुगीजांनी १७२२ च्या आरंभी बाजीरावांशी वेगळा तह केला व इंग्रज रिकाम्या हाताने परतले. १७२४ मध्ये डचांनी सात जहाजे आणून विजयदुर्गावर दैव आजमावले. त्यांच्याही पदरी निराशाच आली.

कुलाब्याच्या या विजयात एक गोष्ट विशेष ध्यानात धरण्याजोगी आहे. किनारा आरमाराने राखला खरा, परंतु निर्णायक क्षणी त्याच्या पाठीशी घाटावरची फौज उभी राहिली. सरखेल आणि पेशवे एकदिलाने वागत होते तोवर कोकणकिनारा अजिंक्य राहिला.

बूननंतर आलेला गव्हर्नर विल्यम फिप्स याच्याशी कान्होजींचा जो पत्रव्यवहार १७२४ मध्ये झाला, त्यात त्यांच्या स्वभावाचे दर्शन घडते. परक्याच्या मालाच्या लोभाविषयी उपदेश करणाऱ्या गव्हर्नरास त्यांनी शांतपणे उत्तर दिले. लोभ व्यापाऱ्यांनाही सुटलेला नाही आणि जगाची रीतच तशी आहे, हे त्यांनी दाखवून दिले. शिवाजी महाराजांनी चार पातशाह्यांशी झुंजून राज्य उभे केले, आपले बळही त्याच मार्गाने आले आहे, याची त्यांनी आठवण करून दिली. पराजितांची आर्जवे किंवा लुटारूची मग्रुरी यांपैकी काहीही त्या उत्तरात आढळत नाही. आपल्या अधिकाराविषयी निःशंक असलेल्या राज्यकर्त्याची ती भाषा आहे.

कुलाब्यासमोर अलिबागेची वस्ती त्यांच्या काळात वाढीस लागली. १७२० मध्ये त्यांनी तेथे हिराकोट बांधला. मुलखात शिस्त होती, देवस्थानांना देणग्या होत्या, धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींवर त्यांची श्रद्धा होती. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले. अलिबागेत त्यांची समाधी आहे. ज्या समुद्राने त्यांना नाव दिले, तो तेथून हाकेच्या अंतरावर आहे.

पुढची हकीकत दुःखदायक आहे. थोरले पुत्र सेखोजी यांनी चार वर्षे वडिलांची शिस्त राखली. १७३३ मध्ये ते निवर्तले आणि भावांत वाटणीचा तंटा माजला. १७३५ मध्ये बाजीरावांनी तडजोड केली. मानाजींना कुलाबा व वजारतमाब हा किताब, तर संभाजींना सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाची बाजू व सरखेलपद मिळाले. तडजोड भावांत झाली, पण आरमाराचे दोन तुकडे पडले. एका घरच्या उत्पन्नावर आता दोन आरमारे पोसावयाची आणि त्यांतही एकमेकांवर पहारा ठेवावयाचा. साहजिकच समुद्रावरच्या प्राप्तीवर भार वाढत गेला. त्याच १७३५ मध्ये संभाजींनी डर्बी हे कंपनीचे मौल्यवान जहाज धरले. प्राप्ती मोठी झाली, पण वैरही तितकेच वाढले. संभाजींमागून आलेले तुळाजी हे शूर होते. मात्र पेशव्यांशी त्यांचे पटले नाही. अखेर नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी करार केला. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. बंदरात दाटीने नांगरलेल्या जहाजांपैकी एकावर इंग्रजांचा पेटता गोळा पडला, आग एकावरून दुसऱ्यावर पसरली आणि कान्होजींनी ज्याचा संसार मांडला होता ते आरमार भस्मसात झाले. तुळाजींचा शेवट कैदेत झाला. कुलाब्याची शाखा नामधारी होऊन १८४० पर्यंत टिकली आणि मग इंग्रजी राज्यात विलीन झाली.

या अंतास केवळ भाऊबंदकी कारण झाली असे म्हणणे अपुरे होईल. कान्होजींची व्यवस्था त्यांच्या व्यक्तित्वावर उभी होती. दस्तक कोणास द्यावे, कोणते गलबत सोडावे, कोणते वैर वाढू द्यावे आणि कोणते मिटवावे याचा तोल ते स्वतः सांभाळीत. तो तोल सांभाळणारा हात गेल्यावर तीच व्यवस्था व्यापाऱ्यांना जाचक आणि शेजाऱ्यांना असह्य झाली. अमात्यांनी सांगितलेला मुलखावरचा कायमचा तनखा मध्यवर्ती सत्तेने पुरेसा कधी नेमला नाही. किनारी युद्धापुरती गुराब अजोड होती. पण खोल समुद्रावर इंग्रजांच्या मोठ्या लढाऊ जहाजांशी टक्कर देणारी जहाजे आणि लांब पल्ल्याच्या तोफा घडविण्यास लागणारे भांडवल एका सरदाराच्या आवाक्याबाहेरचे होते. ते काम राज्याचे होते. राज्याचे लक्ष उत्तरेकडे होते, आणि पेशव्यांनी आपल्याच किनाऱ्याचे कवच परक्याच्या मदतीने जाळले.

स्वतंत्र भारताने या दर्यावर्दीची आठवण ठेवली. १९५१ मध्ये मुंबईतील नौदलाच्या तळास आय. एन. एस. आंग्रे हे नाव देण्यात आले. ज्या मुंबईने त्यांना बुडविण्यासाठी जहाजे बांधली, तेथेच त्यांचे नाव कोरले गेले. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे बांधलेली विक्रांत ही विमानवाहू नौका नौदलात दाखल झाली. सुमारे पंचेचाळीस हजार टनांच्या या नौकेवर वीस हजार कोटींच्या आसपास रुपये खर्च झाले, आणि तो खर्च देशाच्या तिजोरीतून झाला. त्याच दिवशी नौदलाच्या नव्या निशाणावर शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी आकृती आली. दीडशे टनांची गुराब आणि ही नौका यांत तीन शतकांचे अंतर आहे. पण लाकडाच्या जागी पोलाद आले तरी आरमाराची भूक बदललेली नाही. बांधणीला एकदा पैसा लागतो आणि राखणीला दरवर्षी. ती भूक सबंध राज्याने भागवावी असा दिवस कान्होजींच्या नशिबी आला नाही. तो आला नसतानाही त्यांनी तीस वर्षे मराठी जहाजे समुद्रावर ताठ ठेवली, यातच त्यांची थोरवी आहे.